चार्जरची वायर

अण्णांना स्वारगेटजवळच्या हॉस्पिटलात ठेवलं, तेव्हा माझा आयटीवाला भाऊ इंद्रजीत लॅपटॉप घेऊन दिवसभर त्यांच्या उशाशीच बसायचा. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला अण्णा कौतुकानं सांगायचे, "पोरगं जागचं हलत नाही हो!"

खरं तर लॅपटॉपची बॅटरी गेलेली होती, खोलीतला एकमेव प्लग अण्णांच्या उशाशी होता आणि चार्जरची वायर खिडकीजवळच्या सोफ्यापर्यंत पुरत नव्हती. मला मेलीला भावाची दया आली, म्हणून मी घरून लांब वायरचा एक्स्टेन्शन बोर्ड आणून दिला. तो लगेच सोफ्यावर जाऊन बसला, आमच्याकडे पाठ करून.

संध्याकाळी मी निघाले, तेव्हा अण्णा हळूच म्हणाले, "शेफाली, तो बोर्ड घरी घेऊन जा. बिघडलाय म्हणून सांग त्याला."