रजेचं गाऱ्हाणं

साहेबांच्या केबिनचं दार ढकललं आणि सागरची जीभ नेहमीप्रमाणे टाळ्याला चिकटली. मान आपली आपणच खाली-वर हलायला लागली. अजून कोणी काही विचारलंही नव्हतं.

सगळा घोळ या मानेचा. लोटे एमआयडीसीतल्या कारखान्यात सहा वर्षं ती साहेबांसमोर होकारच देत आली होती. सोमवारी तो रजा मागायला आत गेला आणि रविवारची जादा ड्युटी घेऊन बाहेर आला. मंगळवारी गेला, तर सुरक्षा सप्ताहाच्या घोषवाक्य समितीचा अध्यक्ष होऊन आला. आज बुधवार. त्याच्या बायकोला, नम्रताला, डॉक्टरांनी उद्याची तारीख दिली होती.

“आज तरी रजा आणा,” सकाळी ती पोटावर हात ठेवून म्हणाली होती. “नायतर पोराला सांगीन, बापूस समितीत हाय.”

“बोला, काय इश्यू आहे?” साहेबांनी लॅपटॉपमधून डोकं वर काढलं नाही. साहेब पुण्याचे, असं सगळे धरून चालले होते. गावठी शब्द कानावर पडला की त्यांचं कपाळ दुखायचं.

सागरने तोंड उघडलं. आवाज नाही. मान हलतच होती.

“गुड. म्हणजे उद्या डबल शिफ्ट करताय.”

सागरने घाबरून डोळे गच्च मिटले. हात आपोआप जोडले गेले. आणि डोळे मिटून हात जोडले की पुढे काय करायचं, हे त्याच्या देहाला पक्कं ठाऊक होतं. गावच्या देवळात वडलांनंतर देवाला गाऱ्हाणं तोच घालायचा आणि त्याच्या प्रत्येक मागण्याला अख्खा गाव अनवाणी उभा राहून, हात जोडून होकार द्यायचा. तिथे त्याची जीभ कधी अडखळली नव्हती.

“बा रे म्हाराजा,” खणखणीत आवाज निघाला, “आज तुज्या पायाशी ह्यो सागर हुबा हाय. त्येच्या बायकोचं दिस भरलं हायत. डाक्टरान उद्याची तारीख दिलीन हाय. त्येला आठ दिसांची रजा गावू दे. आनि जो कोन रजेच्या वाटंत आडवा बसला आसंल, त्येची वाकडी मती सरळ कर रे म्हाराजा.”

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. संपलं, सागरला वाटलं. गेली नोकरी. मग बूट काढून ठेवल्यासारखं काहीतरी ऐकू आलं. त्याने एक डोळा किलकिला केला.

साहेब मोज्यांवर उभे होते. डोळे मिटलेले, हात जोडलेले.

“व्हय म्हाराजा.”