गाणं थांबतं ती जागा

डॉक्टरांचं गुणगुणणं मध्येच थांबलं, तसे खुर्चीतल्या बस ड्रायव्हरनं डोळे गच्च मिटून घेतले.

"घाबरू नका," सिस्टर म्हणाल्या. "सुईचा आणि त्याचा काही संबंध नाही. डॉक्टर नेहमी इथेच पुढचं विसरतात."

हिरडीजवळचा हात क्षणभर तसाच राहिला. मग गुणगुणणं पुन्हा सुरू झालं आणि सुई आत गेली.

"झालं. आता ओठ जड होईपर्यंत थांबायचं." डॉक्टरांनी हातमोजे काढले.

तेवढ्यात त्यांची मुलगी दार ढकलून आत आली. खांद्याला ऑफिसची बॅग, एका हातात फोन, दुसऱ्या हातात लहानसा स्पीकर.

"बाबा, सापडल्या! 'सात खिडक्या'च्या पहिल्या दोन्ही रेकॉर्डी."

सिस्टरांनी ट्रे खाली ठेवला. "अगंबाई. म्हणजे खरंच होत्या?"

'सात खिडक्या' नावाचा बँड होता हे सगळ्यांना मान्य होतं. त्यांची शेवटची रेकॉर्ड अजून कुठे कुठे मिळत असे. लिफ्टमध्ये वाजावीत तशी गोड, सरळ गाणी होती तिच्यात. पण त्याआधी त्यांनी आणखी दोन रेकॉर्डी काढल्या आणि त्यांतलं एक गाणं अख्खी बाजू भरून होतं, असं सांगणारे एकटे डॉक्टरच. होस्टेलवर एका मित्राकडे ऐकलं होतं म्हणे. "स्वप्नात ऐकलं असेल," असं त्यांची बायको म्हणायची.

"एका आजींच्या माळ्यावर होत्या," मुलगी म्हणाली. "भाषा शिकवायच्या रेकॉर्डींच्या कव्हरांत. त्यांच्या नातवानं फोनवर उतरवून पाठवल्या. मी अजून ऐकल्या नाहीत. म्हटलं, तुमच्याबरोबरच ऐकू."

डॉक्टर बेसिनपाशी गेले आणि स्वच्छ हात पुन्हा धुवायला लागले.

"राहू दे," ते म्हणाले.

"अहो बाबा! काय झालं?"

"इतकी वर्षं डोक्यात वाजतंय ते. आता ऐकलं आणि अगदीच साधं निघालं, तर? मग मी गुणगुणू काय?"

खुर्चीतून ड्रायव्हर म्हणाला, "लावा ओ." त्याचा ओठ जड व्हायला लागला होता. "नाहीतर नंतर मला तुमचं ड्रिलच ऐकायचंय."

डॉक्टरांनी मान डोलावली नाही, पण नकारही दिला नाही. मुलीनं बटण दाबलं.

आधी नुसती खरखर. मग एक ऑर्गन, लांबून येत असल्यासारखा. मग ड्रम. पायानं ठेका धरायला जावं, तर जमीन एक पाऊल आधीच संपत होती. ड्रायव्हरचा बूट दोनदा चुकला आणि तिसऱ्यांदा बरोबर पडला. त्यावर गाणारे आवाज आले, एकात एक गुंतलेले; एक खाली उतरताना दुसरा त्याला ओलांडून वर जाई.

"हे तुमचं गाणं नाहीच," सिस्टर कुजबुजल्या.

"आहे. सगळ्यात खालचा आवाज ऐका. मी तेवढाच गुणगुणतो. एका घशात किती मावणार?"

मुलीनं तो आवाज शोधला आणि ती खाली स्टुलावर बसली. लहानपणापासून तिला या गाण्याच्या घराचा फक्त जिना माहीत होता. आज पहिल्यांदा घर दिसलं.

सगळे आवाज मिळून चढत गेले, आणखी चढले, आणि थांबले. सूर संपला नव्हता. मध्येच तुटला होता.

"बंद पडलं," सिस्टर म्हणाल्या.

मुलगी फोनवर वाकली. पडद्यावरची रेघ पुढे सरकत होती. तिनं स्पीकरकडे हात नेला, तसं डॉक्टरांनी एक बोट वर केलं. त्यांचे डोळे मिटलेले होते.

पंखा फिरत होता. खाली रस्त्यावर कुणीतरी शटर ओढलं. आता काही वाजणार नाही याची खात्री पटावी इतका वेळ गेला.

डॉक्टर गुणगुणायला लागले. त्याच क्षणी सगळा बँड सुरू झाला.

दोन्हींत केसाचंही अंतर नव्हतं. मुलीच्या हातावर काटा आला.

"तुम्ही विसरत नव्हता, बाबा," ती म्हणाली.

"आणि मी येईल त्या पेशंटला सांगत सुटले होते," सिस्टर म्हणाल्या.

बाजू संपली. डॉक्टर चष्मा काढून कोटाच्या टोकानं पुसत राहिले.

"साधं नव्हतं," ते म्हणाले. "मलाच सगळं आठवत नव्हतं. याच्या पावपटही नाही."

"पण परत कधी यायचं ते कळतं कसं तुम्हाला? मोजता?" मुलीनं विचारलं.

"मोजत नाही गं. कळतं." त्यांनी चष्मा लावला. "पुन्हा लाव. तेवढीच जागा."

"कुठली?"

"जिथे काही वाजत नाही ती. आणि आवाज पूर्ण वाढव."

"डॉक्टर, भूल उतरेल हं यांची," सिस्टर म्हणाल्या.

ड्रायव्हर अर्ध्याच तोंडानं बोलला. "उतरू दे."

मुलीनं रेघ मागे नेली. आवाज चढत गेले आणि तुटले. आता ती शांतताही ऐकू येत होती: रेकॉर्डच्या सुईखालची बारीक खरखर, कुठल्यातरी खोलीतली हवा, खुर्चीची एक कुरकुर. आणि अगदी शेवटी, त्या खोलीतल्या सगळ्या माणसांनी एकदम आत घेतलेला श्वास.

डॉक्टरांनीही घेतला. आणि खुर्चीतल्या माणसानंही.