ट्यूबचा मोतीबिंदू

"ओढ," एलिदा म्हणाली.

फेर्मिनने ओढली. गिटारची बारीक तार दोन काचांमधल्या चिकात नखभर पुढे सरकली. मग एलिदाने आपल्या बाजूने ओढली. पुन्हा नखभर.

दोघांच्या मध्ये, ट्रकच्या जुन्या टायरात, पिक्चर ट्यूब तोंड वर करून पडली होती. तिची निमुळती मान टायरच्या पोकळीत, मानेभोवती घोंगडी. आत हवेचा कण नाही. अशी ट्यूब फुटते तेव्हा आधी आत कोसळते आणि मग काचा घेऊन वर उसळते. म्हणून दोघांच्या चेहऱ्यावर प्लास्टिकचे पडदे होते.

जानेवारी म्हणजे इथे भर उन्हाळा. उन्हाने मोन्तेविदेओतली ती गच्ची तव्यासारखी तापली होती, आणि त्यांना तेच हवं होतं. सकाळपासून काळ्या फडक्याखाली शेकल्यावर कुठे ट्यूबवर संरक्षक काच चिकटवून ठेवणारा चीक मऊ पडला होता. साठ वर्षांत तो नासत, कडेकडेने पांढरा होत मधोमध आला होता. जुने टीव्ही जमवणारे त्याला मोतीबिंदू म्हणतात. वरची काच अखंड सोडवली की खालची ट्यूब पुन्हा डोळस. चिकाचा एकदा दगड झाला की मग कुणाच्या बापाला ती सुटत नाही.

"फार जोर करतोयस."

"तू माझ्या चुका मोजत बस."

"लग्नाची अकरा वर्षं मोजल्याच ना! त्यात ही दुपार."

घटस्फोटात टीव्हीचे दोन वाटे झाले होते. लाकडी पेटी आणि आतली सगळी जुळणी फेर्मिनकडे. ट्यूब एलिदाकडे, कारण रविवारच्या बाजारात ती तिनेच हुडकली होती. आपला वाटा दुसऱ्याला द्यायचा नाही, यावर मात्र दोघांचं एकमत. तशी ट्यूब पुन्हा कुठे दिसली नाही. आज सकाळी एलिदा ती मांडीवर घेऊन टॅक्सीने त्याच्याकडे आली आणि दारातच म्हणाली, "काच निघाली तर ट्यूब तुझ्या पेटीत बसव. दर रविवारी बघायला येईन. फुटली तर तुझं तोंड मला दाखवू नकोस. या वेळी खरंच."

पेटी आपण रोज पुसतो, हे फेर्मिनने तिला सांगितलं नव्हतं.

तार अर्ध्यावर आली, आणि काचेत कुठेतरी टक् झालं.

दोघं थांबले. तडा दिसेना. मग दोरीवरच्या चादरी एकाएकी उलट्या बाजूला फुगल्या. खाली कुणाची तरी खिडकी आपटली.

"पाम्पेरो," एलिदा म्हणाली.

दक्षिणेकडचा तो गार वारा आला की पाच मिनिटांत उन्हाळा उतरतो. तापल्या काचेला लागला तर काच तडकते. नाही तडकली तर चीक आवळतो, तारेसकट.

"आत नेऊ या," फेर्मिन म्हणाला.

"तार मध्ये असताना? हलवलीस की गेली."

"मग घोंगडी वर घे."

"आणि मान उघडी टाकू?" एलिदाने हातातलं टोक त्याच्यापुढे धरलं. "हे घे. दोन्ही टोकं तूच धर. त्या बाजूला बस आणि स्वतःकडे ओढ."

"आणि तू?"

तिने चेहऱ्यावरचा पडदा काढून भिरकावला. वाऱ्याकडे पाठ करून गुडघे टेकले, दोन्ही हातांनी काच कवेत घेतली आणि गाल तिच्यावर ठेवला.

"एलिदा, तोंड काढ तिथून."

"गरम आहे अजून. ओढ."

"फुटली तर डोळे जातील तुझे."

"तू बोलतोयस आणि ती निवतेय. ओढ, म्हाताऱ्या."

फेर्मिनने हातमोजे काढले. मोज्यातून तारेची थरथर कळत नाही. दोन्ही टोकं उघड्या बोटांना गुंडाळून त्याने ओढली. आता नखभरही नाही, केसभर. तार बारीक सूर काढी. तो सूर पुरता विरला की मग पुढचा केस. वारा त्याच्या सदऱ्यात शिरून फडफडत होता. गच्चीवर सावली आली होती.

टक्.

एलिदाची पापणी लवली. त्याचा हात जागच्या जागी गोठला. पुढे ओढवेना, मागे सोडवेना.

"आहे मी," ती काचेवरूनच म्हणाली. "चल."

केसभर. केसभर. कपाळावरून घाम उतरून डोळ्यात गेला, तो पुसायला हात मोकळा नव्हता. शेवटी तार सुळकन बाहेर आली, इतकी हलकी की फेर्मिन मागे बसलाच. एलिदाच्या गालाखाली काच सरकली. तिने ती दोन्ही हातांनी उचलली. अखंड. खाली ट्यूब उघडी पडली होती, राखाडी आणि नितळ.

एलिदाने काच जपून बाजूला आडवी ठेवली.

"इतकं हळू तू आयुष्यात काही केलं नाहीस," एलिदा म्हणाली. तिच्या गालावर लाल चट्टा उठला होता.

"अशी ट्यूब दुसरी मिळत नाही."

"ते खरंच." तिची नजर त्याच्या हातांकडे गेली. दोन्ही पहिल्या बोटांत तार रुतून बसली होती आणि टायरवर रक्ताचे थेंब पडले होते. "दे इकडे हात."

"काही झालेलं नाही."

"दे म्हटलं ना."

ती शेजारी बसून एकेक वेढा उलगडू लागली. वारा आता चांगलाच सुटला होता. समोर ट्यूबच्या उघड्या काचेत ढग एका कडेने येत होते आणि दुसऱ्या कडेने जात होते. तार सुटून खाली पडली, तरी दोघं त्या ढगांकडे बघत बसून राहिले.