समासातली पेन्सिल

वाचनालयातून ती रहस्यकादंबरी आणल्यापासून बायको माझ्याशी धड बोलेनाशी झाली. पान उलटायची आणि गालातल्या गालात हसायची.

"एवढं काय आहे गं त्यात?"

"आधीच्या कुणीतरी समासात पेन्सिलीनं लिहून ठेवलंय. गोष्टीपेक्षा तेच वाचावंसं वाटतं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुपारी ती कामावर असताना मी पुस्तक उघडलं. 'आता घाबरशील.' 'थांब, मी आहे ना.' लग्नाच्या अकरा वर्षांत मला असं एकदाही सुचलं नव्हतं. खोडरबर घेऊन मी पानन् पान कोरं केलं आणि चुरा फुंकून टाकला.

संध्याकाळी ती वाचायला बसली. आता हिचं तोंड कसं पडतं, ते मी बघत होतो.

ती गालातल्या गालात हसली.

मी पाय न वाजवता तिच्या पाठीमागे जाऊन डोकावलो. मीच खोडलेल्या समासात ठळक अक्षरं होती : 'त्यानं सगळं खोडलं. खोडू दे. आता तो तुझ्या मागे उभा आहे. हाक मारेल, पण वळू नकोस.'

मी हाक मारली.

ती वळली नाही.