मधला दगड

ती बाई आज पुन्हा कुंपणाशी उभी होती. लुबोर गुडघ्यांवर बसून बर्फफुलांवरची कुजकी पानं वेचत होता. त्यानं मान वर केली नाही.

“आली बघ तुझी मैत्रीण,” त्याची बायको लिबुशे म्हणाली. दगडबागेतल्या मधल्या सपाट दगडावर बसून ती बटाटे सोलत होती. “काल फाटक न्याहाळत होती, आज बाग. उद्या वकील घेऊन येईल आणि म्हणेल, चला, निघा माझ्या घरातून.”

“तू आधी त्या दगडावरून ऊठ. गार आहे.”

“वीस वर्षं हेच सांगतोयस. काही झालं का मला?”

सीमा उघडल्यापासून जर्मनीहून बसगाड्या यायला लागल्या होत्या. युद्धानंतर या चेक मुलखातून हाकललेली जर्मन माणसं त्यांतून उतरत, आपापली घरं बाहेरूनच बघत, डोळे पुसत आणि परत चढत. गावातली निम्मी घरं त्यांचीच होती, लुबोरचंही. बस आली की घर जाईल या धास्तीनं गाव पडद्याआडून बघायचं. लुबोरला मात्र घराची धास्ती नव्हती. त्याला धास्ती होती बायको बसली होती त्या दगडाची.

वरच्या जंगलात पूर्वी एक जर्मन गाव होतं. माणसं गेली, छपरं कोसळली आणि खालच्या गावानं तिथून हवं ते उचलून आणलं. कुणी उंबरठे आणले, कुणी कोंबड्यांच्या खुराड्याला फरशा. लुबोरला तेव्हा दगडबागेचं वेड लागलं होतं. दगड रचायचे, फटींतून डोंगरी फुलं लावायची आणि रविवारभर त्यांच्यापुढे गुडघे टेकायचे. या मुलखात ते पुरुषांचं दुसरं लग्नच. मधोमध बसवायला त्याला एक सपाट दगड हवा होता. तो वरच्या गावाच्या कबरस्तानात मिळाला. लहानसाच होता, एकट्याला हातगाडीवर आणता येईल एवढा. त्यावरचं वाचायचं नाही असं त्यानं ठरवलं होतं, पण उचलतानाच वाचून झालं. एका तान्ह्या पोराचं नाव होतं. त्यानं दगड पालथा बसवला आणि घरी सांगितलं, खाणीतला आहे.

दगडाच्या बुडाला चिकटलेल्या मातीतून फुलझाडाचे थोडे कांदे आले होते. पुढच्याच फेब्रुवारीत बर्फ फोडून फुलं वर आली. पांढरी, भरगच्च दुहेरी पाकळ्यांची, टोकाला हिरवी किनार. तशी फुलं पंचक्रोशीत कुणाकडे नव्हती. लोक बघायला यायचे, लिबुशे मिरवायची. लुबोरनं ती दोनदा गुपचूप उपटून टाकली. दोन्ही वेळा ती परत आली, आधीपेक्षा जास्त. बाकीची सगळी बाग झोपलेली असताना डोकं वर काढणारी तीच. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते लुबोरच्या दारात दर वर्षी उगवायचं. खालून कुणीतरी आपल्याकडे बघतंय असं त्याला वाटायचं, आणि ती कोमेजेपर्यंत त्याला धड झोप लागत नसे.

“काका,” कुंपणापलीकडून हाक आली.

लुबोर दचकला. बाई त्याच्याच वयाची होती, पन्नाशी उलटलेली. चेक बोलत होती, पण लहान मुलीसारखं. आठव्या वर्षी गाव सुटलं तेव्हा जेवढी भाषा येत होती, तेवढीच तिच्यापाशी उरली होती.

“काका, ही फुलं माझ्या आईची आहेत. तू कुठून आणलीस?”

“घ्या! काका!” लिबुशेला हसू आवरेना. घर नको, नुसती फुलंच हवीत म्हटल्यावर तिचा जीव भांड्यात पडला होता. “अहो बाई, बाहेर काय उभ्या? आत या. एवढे बटाटे झाले की कॉफी टाकते.”

बाई आत आली. गेर्लिंडे तिचं नाव. ती सरळ फुलांपाशी गुडघे टेकून बसली आणि एक फूल बोटानं उचलून त्यातली हिरवी किनार बघत राहिली.

“आईनं माहेराहून आणली होती,” ती म्हणाली. “घरी नाही लावली. माझ्या छोट्या भावाजवळ लावली. मी वर जाऊन आले, काका. तिथं सीमेवरच्या सैनिकांनी सगळं मोडून टाकलंय. एकसुद्धा दगड नाही. मी अल्विनला खूप शोधलं.”

लुबोरची नजर दगडाकडे गेली. खोटं अगदी सोपं होतं. फुलं जंगलात सापडली म्हणायचं, मूठभर कांदे कागदात बांधून द्यायचे. बाई बसमध्ये बसून गेली असती. लिबुशेला कधीच कळलं नसतं, आणि दगड काही बोलणारा नव्हता. त्यानं तोंड उघडलं ते हेच सांगायला.

“लिबुशे, ऊठ,” तो म्हणाला. “तू त्याच्यावर बसली आहेस.”

लिबुशेनं नवऱ्याकडे पाहिलं, मग खाली दगडाकडे. ती सावकाश उठली. मांडीवरचे बटाटे फुलांमध्ये घरंगळले.

“लुबोर,” ती म्हणाली, “अरे, वीस वर्षं मी इथे…” ती वाकली आणि पदर नसलेल्या बायका जे करतात ते तिनं केलं. एप्रननं दगडावरची सालं पुसायला लागली.

“मी चोरला,” लुबोर गेर्लिंडेला म्हणाला. तिच्याकडे बघायचं त्याचं धाडस झालं नाही. “नाव खालच्या अंगाला आहे. आता सरळ करतो. तुम्हाला वाचता येईल.”

त्यानं पहार आणली. टोक दगडाखाली सरकवलं. दगड बोटभर उचलला गेला आणि खालच्या काळ्या मातीचा गार वास आला.

गेर्लिंडेनं त्याच्या मनगटावर हात ठेवला. दुसऱ्या हातानं ती दगड हळूहळू थोपटत होती.

“नको, काका,” ती म्हणाली. “राहू दे. अल्विन पालथाच झोपायचा.”