दोन उकळ्या

"अक्काताई, तपासायला दिलेलं दूध तुम्ही तापवलं होतंत का?" प्रयोगशाळेतल्या मुल्ला मॅडमनी फोनवर विचारलं.

अक्काताई चाचरत म्हणाल्या, "व्हय की. चांगल्या दोन उकळ्या काढल्या आन् मग बाटली भरली. वाटेत दूध नासलं असतं तर आमची काय लाज ऱ्हायली असती?"

त्यांच्या चंद्री म्हशीची कास दगडासारखी घट्ट झाली होती. तीन औषधं देऊन झाली, गुण म्हणून नाही. घरात तिला विकायची भाषा सुरू झाली होती. आता तपासणीचाही आपणच विचका केला, या विचाराने अक्काताईंना रडूच फुटलं.

पलीकडे मॅडम मात्र खळखळून हसत होत्या. "तरीच! बशीत जंतू वाढवायला ठेवले, तर एक उगवेल तर शपथ! उकळून मेलेले उगवणार कुठून? पण आमची पीसीआर तपासणी मेलेल्या जंतूचीही खूण ओळखते. तिनं बरोब्बर पकडला. नेमकं औषध तुमच्या डॉक्टरांना कळवलंय."

"म्हंजी माझी चंद्री बरी हुईल?"

"नक्की होईल. आता रडू नका बघू."

महिन्याभराने अक्काताई भरलेली किटली घेऊन प्रयोगशाळेच्या दारात उभ्या राहिल्या. मॅडमनी सवयीने नमुन्याची बाटली पुढे केली.

"अवो, तपासायला न्हाई, समद्यांच्या च्याला आणलंय. चंद्रीचं हाय." अक्काताईंनी ऐटीत झाकण उघडलं. "आन् ह्ये बी दोन उकळ्या काढूनच!"