पाखरांची पेंढी

पेंढीत ज्वारीची चाळीस कणसं होती आणि खांब सात फुटांचा होता. यंदा सरकारी लेव्हीत, म्हणजे सक्तीच्या धान्यवसुलीत, झरी गावच्या घराघरांतली ज्वारी गेली होती. मी नाताळाला झरीतच दवाखाना चालवणाऱ्या नॉर्वेच्या सोलबर्ग डॉक्टरांकडे पाहुणा होतो. त्यांच्या पत्नीने ही पेंढी अंगणातल्या त्या खांबावर पाखरांसाठी बांधली होती.

"मडमबाई, पाखराला येवढी ज्वारी?" अंगण झाडणारी कडूबाई म्हणाली. "माझी नातवंडं उपाशी निजायलीत."

"आमच्या देशात नाताळाला आधी पाखरं जेवतात," बाई हसून म्हणाल्या.

दोन दिवसांत अकरा कणसं रिकामी झाली. पाखरं आली म्हणून बाई हरखल्या. मी खांबाखालची जमीन तपासली आणि त्यांना सांगितलं, "इथे भुसा नाही, विष्ठा नाही. हे दाणे कुणीतरी हातानं काढलेत."

बाईंनी त्याच दिवशी पेंढी गच्चीच्या कठड्याबाहेर, वीस फूट उंचीवर टांगली.

नाताळच्या सकाळी कडूबाई गच्चीखालच्या फरशीवर पडलेली सापडली. डॉक्टरांनी नाडी पाहिली आणि तिचा हात खाली ठेवला.



तिच्या ओटीतली ज्वारी मी दवाखान्याच्या काट्यावर तोलली. सहा तोळे भरली.